तिच्या लहानपणाचं काय?

बाईनं जीव दिला की कागदावर ठरलेली ओळ येते: ‘पोटदुखीला कंटाळून’. आपण कार्यकर्त्या त्यावर थांबत नाही, सासरचा छळ विचारतो. तो विचारायलाच हवा. पण नांदेड-लातूरच्या गावांत काम करताना वाटतं, आपलेही प्रश्न लग्नाच्या मागे जात नाहीत. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर नातेवाइकांकडे राहिलेल्या पोरीनं काय सोसलं, हे कोण विचारतं?

अमेरिकेत साडेनऊ हजारांवर माणसांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन अशांपैकी चार किंवा अधिक गोष्टी बालपणी सोसलेल्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी जास्त आढळले.

म्हणून तिचं नशीब ठरलं असं नाही, आणि सासरचे सुटले असंही नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारीला शिक्षा नको, उपचार द्या म्हणतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. पण आधी तिला कुणीतरी विचारायला हवं. मैत्रिणींनो, ती जिवंत असतानाच विचारूया, आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवूया.