वर्गात शिवी दिली गेली, तर "जाऊ दे" म्हणू नका

समजा, बॉबलिंगेनच्या शाळेतून तुमची मुलगी घरी आली आणि विचारते, "बाबा, कनाके म्हणजे काय? वर्गात एकजण मला म्हणाला." तुम्ही शिफ्ट करून दमलेले. तोंडून पटकन निघतं, "जाऊ दे गं, लक्ष नको देऊस."

मित्रांनो, इथेच आपलं चुकतं.

1961 मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना आणि दक्षिणेकडून आलेल्या इतर कामगारांना हिणवायला हा शब्द वापरला गेला. पुढे त्यांच्याच काही पोरांनी तो स्वतःसाठी मिरवला. फेरीदून झाइमोग्लू या लेखकाने 1995 मध्ये तो पुस्तकाच्या नावातच घातला. त्यामुळे एकाच वर्गात हा शब्द कुणाची मस्करी असते, तर कुणाची जखम. "मी गंमत केली" हे उत्तर तिथूनच येतं.

माझं मत सांगतो. शिक्षकाने तास तिथेच थांबवावा, हा शब्द इथे चालणार नाही असं सगळ्यांसमोर सांगावं. ज्याला लागलं त्याच्याशी नंतर एकट्याने बोलावं, त्याला वर्गासमोर उभं करू नये. मग शब्द कुठून आला ते सगळ्यांना समजवावं. शिक्षा त्यानंतर. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या शाळा कायद्याचं कलम 90 हेच सांगतं: समजावून भागत नसेल तरच शिक्षा. ती शाळा सुटल्यावर थांबवून ठेवण्यापासून थेट शाळेतून काढण्यापर्यंत जाऊ शकते.

पण शिक्षकाला कळलंच नाही तर? म्हणून तारीख, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. वर्गशिक्षकाला ईमेल करा, भेटीची वेळ मागा. जर्मन कच्चं असेल तर बोलणारा सोबत न्या. शाळेत तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही.

आता एक कडू गोष्ट. मुंबईत साइटवर "ए भैय्या" कुणी कुणाला म्हटलं? आपणच ना? इथेही जेवताना आपण तुर्कांना, आफ्रिकेच्या लोकांना काय काय म्हणतो, ते पोरं ऐकतात. उद्या तेच शब्द ती वर्गात बोलली, तर दुसऱ्या एखाद्या कामगाराची मुलगी रडत घरी जाईल.

म्हणून शाळेला ईमेल लिहा, आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या जिभेलाही लगाम घाला.