विश्लेषण : काळ्या चबुतऱ्यापासून सोमच्या रणांगणापर्यंत… महायुद्धांतील सैनिकांच्या खुणा गाईडने दाखवायच्या कुठे?

२३ सप्टेंबर १८०३. मेजर जनरल आर्थर वेलस्ली केळणा नदीच्या काठी पेचात सापडला होता. पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची मोठी फौज, मध्ये नदी. सोबतच्या स्थानिक वाटाड्यांनी त्याला ठामपणे सांगितले, की इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. गावे अशी आमनेसामने असतील तर लोकांना ये-जा करायला उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो खरा ठरला. असईची लढाई इंग्रजांनी जिंकली. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. वाटाड्यांना उतार खरेच माहीत नव्हता की त्यांना तो सांगायचा नव्हता, हा प्रश्न मराठी वाचकाला पडल्यावाचून राहत नाही.

असई आज जालना जिल्ह्यात आहे, छत्रपती संभाजीनगरपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर. हे शहर गाईडचे. अजिंठा, वेरूळ, बीबी का मकबरा आणि देवगिरी यांच्यावर इथल्या अनेकांचे पोट चालते. सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्यांपैकी वाकडी वाट करून असईकडे वळणाऱ्या थोड्याच. युरोपात मात्र रणांगणे आणि लष्करी दफनभूमी दाखवणे हा गाईडचा स्वतंत्र व्यवसाय आहे. बेल्जियममधील ईप्र शहरात मेनिन गेटखाली १९२८ पासून रोज रात्री ८ वाजता बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा काळ सोडला तर त्यात खंड पडलेला नाही. रोजच्या या कार्यक्रमाभोवती हॉटेले, बस आणि गाईड यांची साखळी उभी आहे. मग ज्या शहराच्या छावणीतील रेजिमेंट पुढे पहिल्या महायुद्धात लढली, तिथे असे काही का नाही?

शहराचा महायुद्धाशी संबंध काय?

संबंध छावणीतून येतो. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचे औरंगाबाद हे महत्त्वाचे ठाणे. जून १८५७ मध्ये तिथल्या पहिल्या घोडदळ रेजिमेंटमध्ये उठाव झाला. ही रेजिमेंट नुकतीच मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून आली होती. पुण्याहून निघालेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने उठाव मोडून काढला आणि पकडलेल्यांना देहांत शासन झाले. क्रांती चौकातील काळा चबुतरा ही त्याची खूण.

इथपर्यंतची गोष्ट शहरात अनेकांना माहीत असते. पुढची फारशी सांगितली जात नाही. १९०३ च्या लष्करी पुनर्रचनेत याच रेजिमेंटला ‘विसावी डेक्कन हॉर्स’ हे नाव मिळाले. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या जंगलाजवळ या रेजिमेंटचे स्वार भाले सरसावून जर्मन ठाण्यांवर चालून गेले. मशीनगनच्या त्या युद्धात घोडदळाचे असे हल्ले विरळाच झाले. भारतीय लष्करातील आजची डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट याच परंपरेतली.

म्हणजे १८५७ चे ‘बंडखोर’ आणि १९१६ चे ‘एकनिष्ठ’ एकाच रेजिमेंटचे. काळ्या चबुतऱ्यापाशी उभे राहून गाईडला ही गोष्ट दहा मिनिटांत सांगता येईल. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. १९१६ च्या या रेजिमेंटमध्ये शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान होते. श्रोत्यांना बरे वाटावे म्हणून त्यांना मराठे करून टाकता येणार नाही.

हैफाचेही तसेच. २३ सप्टेंबर १९१८ रोजी, योगायोगाने असईच्याच तारखेला, भारतीय संस्थानांच्या घोडदळाने तुर्कांकडून हैफा बंदर घेतले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या स्वारांचे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावाला हैफाची जोड मिळाली. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, म्हणून हा अभिमान मराठवाड्यातही सांगितला जाऊ शकतो. पण हैदराबाद लान्सर्स त्या ब्रिगेडमध्ये असले, तरी शहरावरची धडक जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी मारली होती.

कबर नाही, नावही नाही

खरी अडचण इथे आहे. गाईडला उभे राहायला जागा लागते. ईप्रच्या गाईडपाशी हजारो सारख्या आकाराचे दगड आहेत आणि जिथे मृताची ओळख पटली तिथे प्रत्येकावर नाव, हुद्दा, तारीख आहे. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असे, त्यामुळे अनेकांची कबर नाहीच. त्यांच्यासाठी भिंतीवर नाव कोरणे हाच मार्ग होता आणि तोही अनेकदा नाकारला गेला.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमारा इथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनसह वेढ्यात अडकल्या. खायला घोड्यांचे मांस उरले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, सुमारे १३ हजार सैनिक कैद झाले आणि त्यांतले कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत व कैदेत मेले. या आघाडीवर मरण पावलेल्या, पण ज्ञात कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले आणि १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. त्यात गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. तीस हजारांहून जास्त भारतीय शिपाई आणि नाईक-हवालदारांची मात्र रेजिमेंटनिहाय फक्त संख्या दिली. सद्दाम हुसेनच्या हुकमाने १९९७ मध्ये हे स्मारक हलवले गेले आणि आता ते बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर आहे.

ही चूक अधिकृतपणे मान्य व्हायला एप्रिल २०२१ उजाडावे लागले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने नेमलेल्या समितीने अहवाल दिला, की आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतील ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती असमान पद्धतीने जपली गेली. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावाने किंवा कोणत्याच प्रकारे नोंद झाली नाही. कमिशनने माफी मागितली.

आपल्याकडच्या गावांतही संख्याच आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत, एवढेच सांगणारे दगड इंग्रज सरकारने ठिकठिकाणी बसवले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या ‘मिलिटरी’ गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. दगड आकडा सांगतो.

महाराष्ट्रातली मोठी लष्करी दफनभूमी पुण्यात खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, तिथून त्या हलवल्या गेल्या. आवारातच पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक नावांचे स्मारक आहे. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून आणले गेले. जागा शांत आणि नीटनेटकी, पण बहुतेक नावे ब्रिटिश. आपल्या पणजोबांचे नाव शोधत गेलेल्याच्या पदरी सहसा निराशा येते.

इम्फाळ आणि मोन्टोने यांनी काय केले?

मणिपूर आणि नागालँडमध्ये स्थानिक लोकांनीच रणांगणे शोधली. डोंगरांतले खंदक पाहिले, गंजलेली शस्त्रे गोळा केली, म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपल्या आणि पर्यटकांना फिरवायला सुरुवात केली. इम्फाळ-कोहिमाच्या लढाया ब्रिटनच्या सर्वात महान लढाया ठरल्याचा कौल लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या मतदानात २०१३ मध्ये मिळाला. २०१९ मध्ये जपानच्या मदतीने इम्फाळजवळ शांतता संग्रहालय उघडले. कोहिमाच्या दफनभूमीत १,४२० कबरी आहेत, शिवाय दहन झालेल्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांची नावे वेगळ्या स्मारकावर आहेत. २०२३ पासूनच्या हिंसाचाराने मणिपूरचे पर्यटन कोलमडले, हा भाग वेगळा.

यात मराठी धागाही आहे. मार्च १९४४ मध्ये उखरुलजवळच्या सांगशाक गावात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांना काही दिवस रोखून लढली. छत्रपती संभाजीनगरात जपानी बोलणारे गाईड आहेत, कारण अजिंठ्याला जपानी पर्यटक येतात. सांगशाकची गोष्ट दोन्ही बाजूंना त्यांच्या भाषेत सांगू शकेल, असा माणूस बहुधा याच शहरात सापडेल.

इटलीतील मोन्टोने गावाने तर एका मराठी नाईकासाठी २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. रायगड जिल्ह्यातील पळसगावच्या यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. एकटा उरलेला हा २२ वर्षांचा नाईक त्या ठाण्यावर धावून गेला आणि ते घेतल्यावर स्नायपरच्या गोळ्यांनी मारला गेला. तारीख १० जुलै १९४४. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर त्यांचीही नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. मोन्टोनेपाशीही मुळात दाखवायला काही नव्हते, गावाने ते तयार केले.

इथे सुरुवात कशी होऊ शकते?

असईला तर नावांचा प्रश्न आणखी अवघड. कंपनीच्या बाजूचे ४२८ जण ठार झाले, याचा नेमका हिशेब आहे. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून न पळता तोफांपाशीच कापले गेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले, पण त्यांतल्या एकाचेही नाव सर्वसामान्यांना ठाऊक नाही. शिवाय मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती असईतूनच आलेला, म्हणजे समोरून लढलेलेही आज आपलेच. हा गुंता लपवणारा गाईड कंटाळवाणा होईल, उलगडणारा लक्षात राहील.

महायुद्धांसाठी मात्र शोधाची साधने हाताशी आहेत. कमिशनच्या संकेतस्थळावरील नोंदी विनामूल्य पाहता येतात. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली अनेक नावे तिथे आहेत आणि भारतीय सैनिकांपुढे पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. शोधताना आजची नावे चालत नाहीत. ‘औरंगाबाद’, ‘हैदराबाद’ किंवा त्या काळचा जिल्हा टाकावा लागतो आणि आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे चार-पाच प्रकारे करून पाहावी लागतात. नोंदच नसेल तर पुराव्यासह अर्ज करता येतो. त्यासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात झालेला हवा. म्हणजे युद्ध संपल्यावर जखमांनी घरी मेलेला सैनिकही यात बसू शकतो.

सर्वात खात्रीचा दुवा सैनिकी नंबर. पहिल्या महायुद्धातील पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चांदीचे असल्यामुळे पुष्कळ घरांतून ते कधीच सोनाराकडे गेले असण्याची शक्यता आहे.