स्वस्त दिशादर्शक, महाग नकाशा

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यातील कोतूळच्या पुलावर रात्रीच्या अंधारात थेट पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यामुळे हा पूल पाण्याखाली होता. मोबाइलवरच्या नकाशात मात्र तो वाहतुकीचा रस्ता म्हणून दिसत होता. गाडीतील एकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. त्या पुलाचा एक भाग आधीच पुरात वाहून गेला होता. पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा पुरविणाऱ्या सेवेच्या अधिकाऱ्याविरुद्धही गुन्हा नोंदविला.

या दोन्ही घटनांत उपग्रहांचा दोष नव्हता. गाडी कोठे आहे हे यंत्राला ठाऊक होते. पुढचा पूल वापरात आहे की नाही, हे मात्र ठाऊक नव्हते. परवडणारी दिशादर्शक यंत्रणा निवडू पाहणाऱ्या वाहनधारकाने हा भेद प्रथम समजून घ्यायला हवा. कारण बाजारात विक्रेता दाखवितो तो पडदा, त्याची लांबी-रुंदी आणि किंमत. ग्राहक प्रत्यक्षात ज्याच्या भरवशावर गाडी हाकणार असतो तो असतो नकाशा, आणि त्याच्याविषयी दुकानात फारशी चौकशी होत नाही.

स्थान फुकट, नकाशा नव्हे

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळ सांगणारे संदेश अखंड प्रसारित करीत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून गाडीतील यंत्र स्वतःचे स्थान काढते. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीच्या संदेशांत हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे आणि स्थान शंभर मीटरपर्यंत चुकत असे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली आणि मोटारीतील दिशादर्शन खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाले. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनलाही सुमारे पाच मीटरच्या आत आपले स्थान कळते. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या यंत्रणांचे संदेशही बहुतेक नवे फोन घेतात. ही सेवा जगभर विनामूल्य आहे. त्यामुळे स्थान शोधण्यापुरता स्वस्त आणि महाग यंत्रांतील फरक बराचसा पुसला गेला आहे.

हे कळायला बाजारालाही वेळ लागला. २००७-०८ च्या सुमारास भारतात गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटविण्याची दिशादर्शक यंत्रे येऊ लागली. मॅपमायइंडिया, सॅटगाइड, गार्मिन ही नावे तेव्हा हौशी वाहनधारकांच्या तोंडी होती आणि अशा यंत्रासाठी दहा हजार रुपये वा त्याहून अधिक मोजावे लागत. २८ ऑक्टोबर २००९ रोजी गूगलने अमेरिकेत मोबाइलवर मोफत दिशादर्शन जाहीर केले आणि त्याच दिवशी गार्मिन व टॉमटॉम या कंपन्यांचे समभाग कोसळले. जानेवारी २०१० मध्ये नोकियानेही आपले दिशादर्शन मोफत केले. यंत्राचे मोल असे उतरत असताना नकाशाचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. २०१५ मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू आणि डाइम्लर या एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या जर्मन कंपन्यांनी नोकियाचा ‘हिअर’ हा नकाशा-व्यवसाय सुमारे २.८ अब्ज युरोंना मिळून विकत घेतला. आपल्या गाड्यांचा नकाशा दुसऱ्याच्या हाती राहू नये, हा त्यामागचा विचार होता.

शिळ्या नकाशाची किंमत

महाराष्ट्रातील गेल्या काही वर्षांचे रस्ते पाहिले, तरी नकाशा किती लवकर शिळा होतो हे ध्यानात येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये, तर मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहतुकीस मिळाला. पुण्यातील चांदणी चौकाचे रूप ऑगस्ट २०२३ मध्ये पालटले. २०२२ च्या आरंभी मेमरी कार्डात भरलेला नकाशा घेऊन आज कोणी अटल सेतूवरून निघाला, तर पडद्यावरची गाडी समुद्रातून चाललेली दिसेल. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले; जुन्या नकाशात ही नवी नावे शोधून सापडणार नाहीत.

म्हणूनच जुने किंवा वापरलेले दिशादर्शक यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणे बहुधा आतबट्ट्याचे ठरते. त्याचा नकाशा अद्ययावत करण्याची सोय उत्पादकाकडे अजून आहे का आणि त्याला किती शुल्क पडते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अशा यंत्रांत आणखी एक अडचण दडलेली असू शकते. जीपीएसच्या मूळ रचनेत आठवडे ० ते १,०२३ असे मोजले जातात आणि मग गणना पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी असा फेरा पूर्ण झाला, तेव्हा ज्या जुन्या यंत्रांचे सॉफ्टवेअर सुधारलेले नव्हते, त्यांतील काहींची तारीख चुकू लागली. यंत्र सुरू करून तारीख पाहणे ही अगदी सोपी, पण उपयुक्त परीक्षा आहे.

चार पर्याय

आजच्या ग्राहकापुढे साधारणपणे चार पर्याय आहेत. पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे हाती असलेला स्मार्टफोन, त्यावरील मोफत अॅप आणि काही शे रुपयांचा मोबाइल होल्डर. शहरात रोज ये-जा करणाऱ्यास हा पुरेसा आहे, कारण कोंडीची ताजी माहिती येथेच सर्वांत चांगली मिळते. मात्र उन्हाळ्यात काचेमागे फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. चांगला चार्जर आणि वाऱ्याच्या झरोक्याजवळची जागा या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी लांबच्या प्रवासात निर्णायक ठरतात.

दुसरा पर्याय अँड्रॉइड ऑटो किंवा अॅपल कारप्ले असलेल्या पडद्याचा. येथे अॅप फोनमध्येच चालते, चित्र मात्र गाडीच्या मोठ्या पडद्यावर उमटते. नवी गाडी घेताना ही सोय कोणत्या श्रेणीपासून मिळते ते पाहावे. कंपनीचे स्वतःचे दिशादर्शन मिळावे एवढ्यासाठी वरची श्रेणी घेण्याचे कारण बहुतेकांना उरलेले नाही.

तिसरा पर्याय म्हणजे बाजारातून बसवून घ्यायची अँड्रॉइडवर चालणारी म्युझिक सिस्टीम. यात उपग्रहांचे संदेश घेणारा अँटेना वेगळा असतो आणि तो डॅशबोर्डखाली धातूच्या आड दडपला, तर उत्तम यंत्रही चाचपडू लागते. अँटेना कोठे बसविणार आणि मूळ वायरिंग कापावे लागणार का, हे दोन प्रश्न आधीच विचारावेत. वायरिंग कापल्यास गाडीच्या वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो.

चौथा पर्याय कंपनीने गाडीतच दिलेल्या दिशादर्शनाचा. तो महाग असतो आणि अनेकदा पहिल्या काही वर्षांनंतर नकाशासाठी शुल्क मागतो. त्याचे एक बलस्थान मात्र नाकारता येत नाही. अशा अनेक यंत्रणा चाकांच्या फेऱ्या आणि वळणांची नोंद ठेवून उपग्रह दिसत नसतानाही स्थानाचा अंदाज बांधतात. सागरी किनारा मार्गावरील सुमारे दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांत किंवा द्रुतगती मार्गाच्या बोगद्यांत याचा उपयोग होतो.

रेंज गेली की काय जाते?

रेंज गेली की जीपीएस बंद पडते, हा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. उपग्रहांचे संदेश घेण्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र, मार्गाची आखणी आणि कोंडीची खबर मिळविण्यासाठी. ताम्हिणी किंवा वरंध घाटात फोन मुका होतो, तेव्हा निळा ठिपका जागेवर असतो. त्याच्याखालचा नकाशा नाहीसा झालेला असतो. फोन बंद करून तेथेच पुन्हा सुरू केला, तर स्थान सापडायलाही वेळ लागतो, कारण एरवी उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोन इंटरनेटवरून चटकन मिळवतो आणि आता ती त्याला उपग्रहांच्या अतिशय संथ प्रसारणातून घ्यावी लागते.

यावरचा उपाय विनामूल्य आहे. गूगल मॅप्समध्ये हवा तो प्रदेश घरूनच उतरवून ठेवता येतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून घडलेल्या नकाशावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्ससारखी अॅपे तर मुळातच इंटरनेटशिवाय चालण्यासाठी बनविलेली आहेत. उतरविलेल्या नकाशावर कोंडीची ताजी माहिती मिळत नाही, हे अर्थातच गृहीत धरावे. ज्यांचा प्रवास कोकण, सह्याद्रीचे घाट किंवा विदर्भातील वनक्षेत्रांतून होतो, त्यांनी कोणतेही अॅप निवडताना ही सोय पहिल्या क्रमांकावर ठेवावी.

मोफत सेवेचा मोबदलाही ग्राहक वेगळ्या रूपात देतच असतो. पडद्यावर लाल रेषेने दिसणारी कोंडी मोजली जाते ती रस्त्यावरील हजारो फोनच्या हालचालींवरून. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलावंताने ९९ स्मार्टफोन एका छोट्या हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावरून फिरविले आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. प्रयोग गमतीचा होता. पण आपला प्रत्येक प्रवास या माहितीच्या साठ्यात जमा होतो, हे त्याने उघड केले. ज्यांना ते नको असेल, त्यांच्यासाठी ऑफलाइन नकाशा हा उत्तम मार्ग आहे.

पुलावर की पुलाखाली?

जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे एक मोटार खाडीपुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने जाऊन जेट्टीवरून पाण्यात पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी चालक महिलेला वाचविले. एकावर एक असलेल्या रस्त्यांमध्ये गाडी नेमकी कोणत्या पातळीवर आहे, हे ओळखणे दिशादर्शकाला अवघड जाते. जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतातील ४० शहरांत उड्डाणपुलांची आगाऊ सूचना आणि आठ शहरांत अरुंद रस्ते टाळण्याची सोय जाहीर केली. त्या आठांत महाराष्ट्रातील एकही शहर नव्हते. मॅपमायइंडियाचे मॅपल्स हे अॅप चौकांची त्रिमितीय चित्रे दाखविते. अशा सोयींचा कस जाहिरातीवरून लागत नाही. आपल्या नित्याच्या मार्गावरील एखाद्या उड्डाणपुलाशी अॅप कसे वागते, ते स्वतः पाहणे हीच खरी चाचणी होय.

यंत्र कोणतेही असो, कायद्याची मर्यादा सर्वांना सारखीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या दुरुस्तीनुसार हातातील संपर्क-साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्यास मुभा आहे. अन्यथा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, पहिल्या गुन्ह्यासही, एक ते पाच हजार रुपये दंडाची आणि सहा महिने ते एक वर्ष कारावासाचीही तरतूद आहे. तेव्हा होल्डरचा खर्च वाचविणे ही काटकसर नव्हे.

हल्ली यंत्राच्या खोक्यावर ‘नाविक’चा शिक्काही दिसतो. इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ही स्वदेशी यंत्रणा उभारली. पुढे काही उपग्रहांतील आण्विक घड्याळे बंद पडली, २०१७ मध्ये एक प्रक्षेपण फसले आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला उपग्रह नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितल्यानुसार त्या वेळी चारच उपग्रह स्थाननिश्चितीची सेवा देत होते. स्वतःची यंत्रणा असणे देशाच्या दृष्टीने अगत्याचेच आहे; परंतु मोटारीसाठी खरेदी करताना केवळ या शिक्क्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. यंत्र एकाहून अधिक उपग्रह-यंत्रणांचे संदेश घेते ना, हे पाहणे अधिक फलदायी, कारण उंच इमारतींच्या गर्दीत आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, त्यात जितके अधिक उपग्रह सापडतील तितके स्थान नेमके मिळते.

तात्पर्य, बहुसंख्य मध्यमवर्गीय वाहनधारकांना वेगळे यंत्र घेण्याची गरज उरलेली नाही. चांगला होल्डर, उतरवून ठेवलेला नकाशा आणि एकाऐवजी दोन अॅपे एवढी शिदोरी पुरेशी आहे. तरीही कोणतीही खरेदी करण्यापूर्वी अलीकडे सुरू झालेला एक रस्ता आणि सध्या बंद असलेला एक रस्ता त्या नकाशावर शोधून पाहावा. पहिला अनेक नकाशांत सापडेल. दुसरा बंद म्हणून दाखविणारे नकाशे त्या मानाने कमी आढळतील, आणि जिवावर बेततो तो दुसराच.

ही उणीव नकाशा बनविणाऱ्या कंपन्या एकट्याने भरून काढू शकणार नाहीत. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद होतो. कोणता घाट, कोणता पूल, कोणता सखल रस्ता कधी बंद आहे, हे प्रथम कळते ते जिल्हा प्रशासनाला आणि बांधकाम खात्याला. ती सूचना कागदी आदेशाबरोबरच नकाशा-सेवांपर्यंत त्याच दिवशी पोहोचविण्याची बांधील व्यवस्था असायला हवी. आणि ती होईपर्यंत निदान बंद रस्त्याच्या तोंडाशी अंधारातही दिसेल असा अडथळा उभा असायला हवा. त्यासाठी उपग्रहाची गरज नाही.