पोलादी सांगाड्याचे मोल

माजलगावहून धारूरला जाणारा आणि बीडहून परळीला जाणारा असे दोन रस्ते तेलगावला एकमेकांना छेदतात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की या चौफुलीवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. त्या गर्दीतून वाट काढणारी काळी, दणकट, पोलादी सायकल हे एके काळी या भागातले सर्वांत भरवशाचे वाहन होते. शिक्षक तिच्यावरून शाळेत जात, कामगार पाळीवर जात, गवळी तिला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून डेअरी गाठत. आज तिची जागा मोटारसायकलीने घेतली आहे. जुनी सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजते, नाहीतर भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाते. तिच्याच वयाची, पोलादाचीच, परंतु इटलीतल्या एखाद्या लहानशा दुकानात हाताने जोडलेली सायकल मात्र युरोप-अमेरिकेत लाख रुपयांच्या घरात सहज विकली जाते. एक पोलाद भंगार आणि दुसरे अलंकार, हा भेद पैसेवाल्यांच्या लहरीने झाला असे म्हणून विषय संपविता येईल. लहरीचा भाग त्यात आहेही. पण तेवढेच त्यात नाही.

इटलीत सायकली बनविण्याची परंपरा जुनी आहे. एदोआर्दो बिआंकी यांनी मिलानमध्ये १८८५ साली सायकलींचा व्यवसाय सुरू केला. तथापि संग्राहक ज्या सांगाड्यांसाठी झुरतात ते बहुतांशी अशा मोठ्या कारखान्यांतले नसून फालिएरो मासी, उगो दे रोझा, एर्नेस्तो कोल्नागो यांच्यासारख्या कारागिरांच्या हातचे आहेत. मासी यांचे दुकान मिलानच्या विगोरेली या सायकल-शर्यतीच्या मैदानाला लागून, प्रेक्षकांच्या सज्जाखालीच होते. कोल्नागो यांनी मिलानजवळच्या कांबियागो या गावी १९५४ साली दुकान थाटले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. यांच्याकडे येणारा शर्यतपटू प्रथम माप देई. पायाची लांबी, हाताची लांबी, पाठीचा वाक हे सारे पाहून नळ्या कापल्या जात. अंगरख्याला शिंपी असतो, तसा सायकलीलाही शिंपी होता.

नळ्या येत त्या बहुधा मिलानच्याच कोलंबस या कारखान्यातून. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले ते पोलाद. नळीची जाडी सगळीकडे सारखी नसे. प्रचलित प्रकारात ती टोकांना ०.९ मिलिमीटर, तर मध्यभागी ०.६ मिलिमीटर असे. ताण सांध्यापाशी येतो म्हणून तेथे जाडी, मध्ये तो कमी म्हणून तेथे बचत. दोन नळ्या जेथे मिळतात तेथे पोलादाची खोबण बसवितात. कारागीर तिला लग म्हणतात. सांधा तापवून त्यात पितळेचा किंवा चांदीचा डाख भरायचा, ही खरी कसोटी. ज्योत जास्त लागली तर पातळ पोलादाचे बळ जाते. कमी लागली तर डाख खोबणीत पुरता उतरत नाही. दोन्ही दोष वरून रंग दिला की झाकले जातात आणि प्रकट होतात ते डोंगरउतारावर, स्वार भरधाव असताना. साहजिकच सांगाडा विकत घेणे म्हणजे कारागिराच्या सचोटीवर देह टाकणे होते. लगच्या कडा कानशीने घासून निमुळत्या केलेल्या दिसतात, त्याला अनेक जण केवळ नक्षी समजतात. कड निमुळती असली म्हणजे ताण एका रेषेवर न साचता हळूहळू पसरतो. सौंदर्य येथे उपयोगाच्या पोटी जन्मले आहे.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी मेक्सिको शहरात एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला तो कोल्नागो यांनी बनविलेल्या अशाच पोलादी सायकलीवर. पुढे १९९० च्या दशकात ॲल्युमिनियम आणि कार्बन यांनी शर्यतीतून पोलादाला हटविले, आणि ते योग्यच झाले. पोलाद आजही अधिक वेगवान आहे असे सांगणारे भक्त स्वतःचीच फसवणूक करून घेतात. तरीही टस्कनी प्रांतातील गायोले येथे १९९७ पासून ‘एरोइका’ नावाची फेरी भरते, तीत १९८७ पूर्वीच्या शर्यती सायकली घेऊन हजारो लोक मातीच्या रस्त्यांवरून जातात. ही गर्दी वेगासाठी जमत नाही. बनविणाऱ्याचे नाव ज्ञात असलेली आणि पन्नास वर्षांनंतरही दुरुस्त होणारी वस्तू पाहण्यासाठी ती जमते.

भारताने वेगळा मार्ग धरला. १९५१ साली सोनिपतला ॲटलास, १९५६ साली लुधियान्याला हीरो, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वरळीचा हिंद सायकल्सचा कारखाना. या कारखान्यांनी सायकल मजुराच्या आवाक्यात आणली. ज्या देशात निम्मे लोक अनवाणी होते, तेथे मापाच्या सायकली शिवत बसण्याची चैन परवडणारी नव्हती. व्हित्तोरियो दे सिका यांच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटातील नायकाला सायकल गेली म्हणजे नोकरी गेली हे ठाऊक असते. मराठवाड्यातल्या कामगाराची गोष्ट त्याहून निराळी नव्हती. इटलीतल्या गरिबालाही कोल्नागो परवडत नव्हता, हे आजचे संग्राहक सोयिस्करपणे विसरतात.

आजारी पडलेला हिंद सायकल्स १९८० साली संसदेच्या कायद्याने सरकारी मालकीचा झाला आणि पुढे बंदही पडला. कारखान्यातल्या कामगाराला ग्राहक कधी दिसला नाही, ग्राहकाला कामगार दिसला नाही. ती उणीव भरून काढली चौफुलीवरच्या सायकल दुकानदाराने. रिमचा आऊट काढणे, वाकलेला चिमटा सरळ करणे, तुटलेल्या दांड्याला पितळेचा डाख देणे, उंच माणसाची सीट वर घेणे, ही कामे त्याने केली. मिलानचा कारागीर जे आधी करी ते तेलगावचा कारागीर नंतर करीत आला. फरक एवढाच की एकाचे नाव सांगाड्यावर कोरले गेले, दुसऱ्याचे दुकानाच्या पाटीवरही क्वचितच लागले. हे काम त्याला जमले याचे श्रेय पोलादाला आहे. पोलाद तुटले तर गावात सांधता येते. ॲल्युमिनियमचा सांगाडा जोडायला वेगळे यंत्र लागते आणि जोडल्यावर मूळचे बळ सहसा परत येत नाही. कार्बनची तर गोष्टच सोडा.

येथे प्रश्न शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. महाराष्ट्र शासन मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अर्थसाह्य देते. योजना चांगली आहे. तिच्यामुळे शाळा न सुटलेल्या मुलींची घरे खेड्यापाड्यांत आहेत. परंतु साह्य खरेदीपाशी संपते. टायर फुटले, चेन गळाली, चिमटा वाकला की ती सायकल ज्या घरात आहे तेथे आधी पोटाचा हिशेब होतो. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी आई-बाप कोयता घेऊन परमुलखी ऊस तोडायला जातात आणि मुलगी आजीपाशी राहते, त्या जिल्ह्यात बिघडलेली सायकल चार महिने बिघडलेलीच राहू शकते. चार महिने म्हणजे जवळजवळ अर्धे शालेय वर्ष.

यावर उपाय खर्चिक नाही. खरेदीच्या रकमेबरोबर दुरुस्तीची वार्षिक रक्कम द्यावी आणि ती गावच्या किंवा बाजाराच्या ठिकाणच्या सायकल दुकानात वळती करावी. मुलीची उंची पाहून सायकल निवडण्याची जबाबदारी शाळेतील एका शिक्षकावर द्यावी, कारण आठवीतल्या मुलीचे आणि बारावीतल्या मुलीचे माप एक नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डिंग शिकविले जाते. त्यातच पातळ नळीला डाख देण्याचे आठवड्याचे काम घालावे. चौफुलीवरचे जुने कारागीर थकले आहेत आणि त्यांची मुले मोटारसायकलीच्या गॅरेजात गेली आहेत. शिकवू शकतील असे हात अजून काही ठिकाणी आहेत, तोवरच या संस्थांनी त्यांना मानधन देऊन बोलवावे.