‘चिंकी’ ही थट्टा नाही

ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत 1957 पासून देशभरातून विद्यार्थी येतात, ईशान्येकडूनही. मैदानावर या ईशान्येकडच्या मुलांच्या वेगाचे कौतुक होते. पण अशा मुलांना आपल्या शहरांतल्या रिक्षात, बाजारात ‘चिंकी’, ‘मोमो’ म्हटले जाते, ‘कुठल्या देशाचे?’ असे विचारले जाते. ‘अहो, चेष्टा ती, सरदारजींवरही विनोद होतातच,’ असे यावर सांगतात. एकावरचा अन्याय दुसऱ्यावरच्या अन्यायाचे समर्थन कसा ठरेल? आणि ही चेष्टा कुठवर जाते हे जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत दिसले. अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून शेरेबाजी झाली, पुढे मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या बेजबरुआ समितीने वांशिक अवमानाविरुद्ध कायद्यात स्वतंत्र कलम सुचवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंशावरून केलेल्या खुनाची आणि गंभीर दुखापतीची वेगळी दखल आहे, समितीने सुचवलेले कलम मात्र नाही. म्हणजे गंभीर दुखापत झाल्यावर किंवा जीव गेल्यावर कायदा वंश ओळखतो, शिवीच्या वेळी नाही.

कायद्याने मने बदलत नाहीत, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. जातिवाचक शिवी गुन्हा ठरली तेव्हा निदान ती सहन न करण्याचा हक्क माणसाला मिळाला. आणि मनेही बदलू शकतात: शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला आलेली मराठी घराणीही इथे कधीकाळी परकीच होती. त्यांना या शहराने सामावून घेतले. ईशान्येतल्या इंफाळहून आलेल्या मुलीला तेवढेच हवे आहे, आणि त्यासाठी तिने पदक जिंकण्याची अट नको.