आठवण मोबाइलने ठेवावी, विचारपूस आपण करावी

पुसद, दिग्रस, वणी, उमरखेड इथली आपली अनेक मुलं आज दुकान, गॅरेज, शिकवणी किंवा केटरिंगचा धंदा सांभाळतात. २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आलं आणि ग्राहक सांभाळणं सोपं झालं. पहिल्या मेसेजला आपोआप नमस्कार जातो, दुकान बंद असेल तर ठरलेलं उत्तर जातं. ईद, पोळा, दिवाळीला एकच चित्र सगळ्या यादीला पाठवता येतं. आता तर शुभेच्छांचा मजकूरही एआय लिहून देतं.

पण याला संबंध ठेवणं म्हणता येईल का? ग्राहक ते चित्र न बघताच पुसून टाकतो, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

हा प्रश्न फक्त शिष्टाचाराचा नाही. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस जणांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात पोचले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. मास्क, हातमोजे बहुतेकांकडे नव्हते.

आज एखादा तरुण कृषी केंद्र चालवत असेल, तर ‘फवारताना काळजी घ्या’ हा मेसेज तो एका बटणावर सर्वांना पाठवू शकतो. तो पोचतो औषध विकत नेणाऱ्या शेतमालकाच्या फोनवर. पंप पाठीवर घेणारा मजूर बहुधा दुसराच असतो आणि त्याचा नंबर आपल्या यादीत नसतो. फवारणार कोण, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट रात्रीची. समजा, कुणी लिहिलं, ‘फवारून आलो, चक्कर येते आहे.’ आपला मोबाइल उत्तर देतो, ‘दुकान उद्या दहा वाजता उघडेल.’ हे उत्तर आजच बदला. ‘फवारणीनंतर त्रास होत असेल तर लगेच १०८ ला फोन करा, औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या,’ एवढं त्यात घाला.

मग यंत्र वापरायचंच नाही का? जरूर वापरा, पण आठवणीसाठी. एका शीटमध्ये नाव, गाव, पीक, नेलेलं औषध, तारीख आणि फवारणारा कोण, एवढे रकाने करा. कुणाला कधी फोन करायचा, याची आठवण मोबाइल तुम्हाला करून देईल. पुढचं बोलणं तुमचं. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते औषध सर्वांत जहाल गटातलं आहे, हे सांगा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आवाजी मेसेज पाठवा.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. पण दोनशे ग्राहक असतील तर रोज दहा फोन केले की वीस दिवसांत सगळ्यांशी बोलणं होतं. गॅरेजवाल्याने ब्रेक कसे आहेत विचारावं, शिकवणीवाल्याने गैरहजर मुलाच्या घरी फोन करावा.

आपल्या ग्राहकांत कुणबी, बंजारा, कोलाम, बौद्ध अशी सगळी घरं असतात. एकमेकांची खरी ओळख भाषणांपेक्षा दुकानाच्या काउंटरवर जास्त होते. ते बोलणं यंत्रावर सोपवू नका.