भिंतीचा खर्च आमच्या कानावर

दर दोन-तीन महिन्यांनी टीममध्ये कोणीतरी नवीन येतं आणि पहिल्या आठवड्यातच विचारतं, "ऑफिसात गाणी ऐकायला हेडफोन कुठला घेऊ रे?" झालं! आजूबाजूचे चार पंडित लगेच सरसावतात. पहिला म्हणतो, बेस बघ बेस. दुसरा म्हणतो, ओपन-बॅकच घे, बाकी सगळा कचरा. तिसरा म्हणतो, नॉईज कॅन्सलिंग घे, पैशाकडे बघू नकोस. आणि चौथ्याच्या मते गाणी घरी ऐकायची असतात, इथे काम करायचं असतं. (हा चौथा बहुधा मॅनेजर असतो.) माझं या चौघांशीही भांडण आहे, आणि आज शनिवार असल्यामुळे सविस्तर भांडायला वेळही आहे :-)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑफिसातला हेडफोन ही एक भिंत आहे. कंपनीने जी बांधली नाही, ती. त्यामुळे तो घेताना पहिला प्रश्न एकच: हा घातल्यावर मला गाण्याचा आवाज किती कमी ठेवता येईल? 'आवाज किती भारी' हा प्रश्न त्याच्यानंतर. आणि या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे क्लोज्ड-बॅक हेडफोन. कानावरच्या वाटीला मागून पूर्ण झाकण असलेले, कान अख्खा आत घेणारे.

आता ओपन-बॅकवाल्यांकडे वळू. यांच्या वाटीला मागे झाकणाऐवजी जाळी असते. त्यामुळे हवा मोकळी फिरते, आवाज आतल्या आत आदळत नाही आणि गाणं डोक्याच्या आत न वाजता जरा बाहेर, समोर वाजल्यासारखं वाटतं. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा हेडफोन आजही कानसेन मंडळी डोक्यावर घेऊन नाचतात, आणि ते योग्यच आहे. त्याला नावं ठेवण्याएवढा मी मोठा नाही. पण तो घरी, रात्री साडेअकरानंतर, सोसायटीतली कुत्री गप्प झाल्यावर ऐकायचा हेडफोन आहे. जाळीतून आवाज जसा बाहेर जातो तसाच आतही येतो. म्हणजे शेजारच्याला तुमची गाणी फुकट, आणि तुम्हाला त्याचा क्लायंट कॉल फुकट! खिडक्या सताड उघड्या टाकून एसी लावण्यातला हा प्रकार आहे. एसी कितीही उत्तम असला तरी उपयोग काय?

"मग आवाज वाढवायचा, त्यात काय?" असं कोणी म्हणेल. त्यातच तर सगळं आहे. डेसिबल हे लॉगचं माप आहे. (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पाठ केलेलं आठवा.) ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांनी सुरक्षित ऐकण्यासाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला हे तास निम्मे होतात. त्या हिशेबाने ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास. आठवड्याला!

आता माणसाची सवय बघा. गाणं नीट ऐकू यावं म्हणून तो भोवतालच्या गोंगाटाच्या वर आवाज ठेवतो. समजा, कंपनीच्या बसमध्ये ८० डेसिबलचा खडखडाट आहे आणि तुम्ही त्याच्या १० वर गाणं लावलंत. झाले ९०. कोथरूडहून हिंजवडीला तासभर जायचं आणि तासभर यायचं म्हटलं (ट्रॅफिक दयाळू असेल तर) तर मंगळवारी संध्याकाळी तुमचा आठवड्याचा कोटा संपला. उरलेले तीन दिवस उधारीवर. याच वाटीने १० डेसिबल जरी अडवले, तर तेच गाणं तितकंच स्पष्ट ८० वर ऐकता येतं आणि मर्यादा ४ तासांवरून ४० तासांवर जाते. क्लोज्ड-बॅकचे पैसे आपण देतो ते या दहापटीसाठी. ऑफिसातला गोंगाट बसपेक्षा पुष्कळ कमी, मान्य. पण तिथे आपण तासभर नाही, आठ-नऊ तास बसतो.

आणि उधारी फेडायची सोय इथे नाही बरं का. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या ज्या केसपेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. आयटीवाल्यांना केस गळण्याचं दुःख नवीन नाही, पण डोक्यावरच्या केसांचं रोपण तरी करून मिळतं. कानातल्यांचं मिळत नाही. तिशीच्या आत असताना हे सगळं 'काकांच्या गप्पा' वाटतं, कारण कान जातात ते हळूहळू जातात आणि जाताना दुखत नाहीत.

आता नॉईज कॅन्सलिंगवाले. अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून परतताना विमानातल्या घरघरीमुळे ही कल्पना सुचली आणि त्यांच्या कंपनीचा क्वाएटकम्फर्ट २००० साली बाजारात आला. तंत्र झकास आहे. माइक बाहेरचा आवाज टिपतो, सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं, दोन्ही एकमेकांना खातात. पण हे सगळ्यात छान चालतं ते खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजावर. विमान, बस, एसी. माणसाचं बोलणं एकसुरी नसतं, आणि त्यातली 'स', 'च', 'ट' ही व्यंजनं बरीच वरच्या पट्टीत असतात. तिथे सर्किटपेक्षा वाटीचं झाकण आणि कानाभोवतीची गादीच जास्त काम करते. परिणाम काय? एसीची घरघर गायब होते आणि तिच्याखाली दबलेली, मागच्या रांगेतल्या भाऊसाहेबांच्या फ्लॅटच्या पझेशनची कथा आणखी स्वच्छ ऐकू येते!

बसला आणि विमानाला नॉईज कॅन्सलिंग जरूर घ्या, तिथे त्याला तोड नाही. आणि चांगले नॉईज कॅन्सलिंग हेडफोन मुळात क्लोज्ड-बॅकच असतात हेही लक्षात असू द्या. माझा आक्षेप टेबलावर बसून कामासाठी डोळे मिटून त्यावर पैसे ओतण्याला आहे. त्यात ब्लूटूथची कटकट वेगळीच. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपवर ते बंदच असतं. चालू असलं तरी नेहमीच्या ब्लूटूथमध्ये हेडफोनचा माइक सुरू झाला की अख्खा आवाज टेलिफोनच्या दर्जावर घसरतो. चार्जिंग विसरलात तर दिवस गेला. साध्या वायरला यातलं काहीच होत नाही.

मग घ्यायचं काय? माझं उत्तर: स्टुडिओसाठी बनवलेले वायरवाले क्लोज्ड-बॅक. कारण स्टुडिओची अडचण आणि आपली अडचण एकच आहे. गायक माइकसमोर उभा असतो, कानात वाद्यांचा ट्रॅक चालू असतो. तो ट्रॅक हेडफोनमधून बाहेर गळला तर थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरतो. म्हणून हे हेडफोन न गळण्यासाठीच बनवलेले असतात, आणि रोज आठ-दहा तास आपटले-वापरले जातील हे धरून. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा. सेनहायझरचा एचडी २८० प्रो, ज्याच्याबद्दल कंपनी ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवण्याचा दावा करते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, दावा १८ डेसिबलचा, पण मखमली गादीमुळे घाम कमी. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, वायर सुटी करून बदलता येते. दाव्यातल्या 'पर्यंत' या शब्दाकडे मात्र नीट बघा. सेलमधल्या '७० टक्क्यांपर्यंत सूट'सारखाच तो असतो.

आकड्यांतला अजून एक आकडा बघा: ओहम. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारांत मिळतो. २५०वाला साध्या लॅपटॉपला किंवा फोनला लावलात तर आवाज पुटपुटल्यासारखा येईल आणि तुम्ही वेगळा अॅम्प्लिफायर शोधत बसाल. आपल्याला ३२ ते ८० बास.

दुकानात गेलात की दुकानदार लगेच ढॅणढॅण गाणं लावून देतो. लावू देऊ नका! हेडफोन नुसता कानावर चढवा, काहीही वाजवू नका, आणि दुकानदारालाच बोलायला सांगा. तो किती दूर गेल्यासारखा वाटतो? ही खरी परीक्षा, आणि ती फुकट आहे. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला. काडीपाशी फट पडली की बाहेरचा आवाज आत आणि आतला बेस बाहेर. कानात बाळी, कुडी असेल तर तीही काढू नका, रोज काढणार आहात का? पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवा, कारण घट्ट पकड दुकानात छान वाटते आणि दुपारी तीनला शिरा ठणकवते. रेक्झिनच्या गाद्यांची आपल्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटून वाट लागते, म्हणून गाद्या सुट्या मिळतात का ते आधीच विचारा.

मग शेवटी गाणं लावा. आणि ते हिंदी सिनेमातलं धमाकेदार नको. तानपुरा आणि तबला असलेलं काहीही लावा. बंद वाटीत बेस फुगण्याची खोड असते. तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत, आणि बायाँची घुमक ऐकू यावी पण तिने गायकाला गिळू नये. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेले डबे इथे हमखास नापास होतात. पहिल्या पंडिताला उत्तर मिळालं असेलच.

राहिला चौथा पंडित, मॅनेजर. गंमत म्हणजे त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. सलामे आणि बॅडली या दोघांचं १९८९ चं संशोधन सांगतं की शब्द असलेलं गाणं नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा अल्पकालीन स्मृतीला जास्त त्रास देतं. त्यासाठी खरं तर संशोधनही नको. गीतरामायण लावून कोड रिव्ह्यू करून बघा, दोनपैकी एकाच गोष्टीकडे लक्ष राहील आणि ती रिव्ह्यू नसेल.

आणि डीमार्को व लिस्टर यांच्या 'पीपलवेअर' या १९८७ च्या पुस्तकात कॉर्नेल विद्यापीठातल्या १९६० च्या दशकातल्या एका प्रयोगाची हकिगत आहे. विद्यार्थ्यांना एक प्रोग्राम लिहायला दिला. काही शांत खोलीत, काही कानाला गाणी लावून. वेग आणि अचूकपणा दोन्हीकडे सारखाच. पण त्या गणितात एक मेख होती: सगळ्या आकडेमोडीनंतर उत्तर मुळात दिलेल्या आकड्याइतकंच यायचं. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांतले बहुतेक सगळे शांत खोलीतले होते.

म्हणजे शांतता ही गाण्यापेक्षा भारी. मला पूर्ण मान्य! साहेब, द्या ना मग शांतता. आम्ही काय हौस म्हणून नऊ तास कान दाबून बसतो? "हेडफोन घातलेली माणसं माणूसघाणी होतात" असं म्हणणाऱ्यांनी २०१८ चा बर्नस्टीन आणि टर्बन यांचा अभ्यास वाचावा. दोन कंपन्यांची ऑफिसं भिंती काढून मोकळी केली, तर समोरासमोर बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि त्याऐवजी ईमेल आणि चॅट वाढलं. भिंती पाडल्या सहकार्यासाठी, आणि लोकांनी आपापल्या भिंती कानावर बांधल्या. दोष कानाचा की हॉलचा?

आपल्या धंद्यात याला नाव आहे. हेडफोन हा वर्कअराउंड आहे, बग हॉलमध्ये आहे. वर्कअराउंड चांगला निवडावा, नीट निवडावा, त्यासाठीच वर एवढं पाल्हाळ लावलं. पण वर्कअराउंड चालतोय म्हणून बग 'क्लोज' करायचा नसतो. कंपनी लॅपटॉप देते, खुर्ची देते, वर्धापनदिनाला मगही देते. मग ज्या भिंतीशिवाय काम होत नाही तिचे पाच-दहा हजार पोरांनी पहिल्या पगारातून का द्यायचे?

तर मंडळी, दोन गोष्टी करा. हेडफोन घेताना तो न वाजवता तपासा. आणि पुढच्या वेळी तो 'तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा वाटतो'वाला फॉर्म आला की टेबल टेनिसचं टेबल मागू नका. कॉल घ्यायला बंद खोल्या मागा, एक कोपरा बोलणं-बंद म्हणून मागा, आणि कीबोर्ड-माऊसच्या यादीत हेडफोनही मागा. एकट्याने लिहिलंत तर कोणी वाचणार नाही. अख्ख्या टीमने तेच तीन मुद्दे लिहिले तर वाचावं लागेल.